सीमा ओलांडणारी औषधे : न्यूझीलंडची परिचारिका आणि सोलापूरचे डॉक्टर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपल्या घरांतून नवे नाही. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट आपल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींनी पाहिला असेल, इतरांनी त्याची गोष्ट ऐकली असेल. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला, तेथे जखमींची सेवा केली, तेथल्याच एका परिचारिकेशी लग्न केले आणि तेथेच देह ठेवला. गोष्ट एवढी आपल्याला ठाऊक असते.

पण त्या गोष्टीतला एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ती चिनी परिचारिका, ग्वो छिंगलान, पेकिंग शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरीला होती. पेकिंग म्हणजे आजचे बीजिंग. ते शहर जपानी सैन्याच्या ताब्यात होते. कोटणीसांचे इस्पितळ होते दूर डोंगरात, जपान्यांच्या वेढ्यापलीकडे. मग ती तिकडे पोहोचली कशी? तिला त्या वाटेला कोणी लावले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला आणखी एका बेटांच्या देशाकडे, न्यूझीलंडकडे वळावे लागते. त्या देशातल्या केथलीन हॉल नावाच्या परिचारिकेने १९३९ साली जपानी पहाऱ्यातून औषधे पलीकडे नेली आणि औषधांबरोबर माणसेही नेली. ग्वो छिंगलान ही त्यांपैकीच एक.

नेपियर गावची मुलगी

केथलीन हॉल यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८९६ रोजी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील नेपियर या किनारपट्टीच्या गावी झाला. ऑकलंडच्या इस्पितळात त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. १९२३ साली अँग्लिकन चर्चच्या मिशनतर्फे त्या चीनला गेल्या. परदेशातून आलेली पुष्कळ मंडळी मोठ्या शहरात राहून काम करीत. केथलीनबाई आधी चिनी भाषा शिकल्या, उत्तर चीनमधल्या निरनिराळ्या मिशन दवाखान्यांत राबल्या आणि शेवटी हबे प्रांतातल्या छुयांग तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या सुंगज्याच्वांग नावाच्या गरीब खेड्यात त्यांनी आपला छोटा दवाखाना थाटला. गावकऱ्यांनी त्यांना चिनी नाव दिले होते, हे मिंगछिंग. बाळंतपणे, गळवे, ताप, डोळ्यांचे रोग अशी खेड्यातली रोजची कामे त्यांच्याकडे असत. जवळपास दुसरा डॉक्टर नव्हता.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या पुलावर गोळीबार झाला आणि जपान व चीन यांचे मोठे युद्ध पेटले. थोड्याच दिवसांत पेकिंग जपान्यांच्या हाती पडले. मग रेल्वेच्या कडेकडेने त्यांचे सैन्य खाली उतरत गेले. शहरे, रेल्वेची स्टेशने आणि मोठे रस्ते जपान्यांकडे गेले. डोंगर आणि डोंगरातली खेडी मात्र चिनी गनिमी सैन्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या हाती राहिली. शांशी, चाहार आणि हबे या तीन प्रांतांच्या कडा जेथे मिळतात त्या भागाला 'सीमाप्रदेश' असेच नाव पडले.

अशा रीतीने एकाच देशाच्या पोटात एक नवी सीमा उभी राहिली. नकाशावर ती कोठेच नव्हती, पण माणसांना ती रोज भेटत होती. स्टेशनवर तपासणी, शहराच्या वेशीवर तपासणी, पुलाशी तपासणी. औषधे, मीठ, कापड यांतले काहीही डोंगरात जाऊ नये असा जपान्यांचा बंदोबस्त होता. शत्रूच्या सैनिकाला औषध मिळू नये हा त्यामागचा हेतू. पण औषध बंद झाले म्हणजे ते सैनिकालाच बंद होते असे थोडेच आहे! त्याच डोंगरात लाखो शेतकरी, बायका आणि पोरेबाळे राहत होती. त्यांचेही औषध बंद झाले.

डॉ. बेथून यांची विनंती

याच डोंगरात नॉर्मन बेथून हे कॅनडाचे शल्यविशारद काम करीत होते. १९३८ सालच्या वसंतात ते कम्युनिस्टांच्या येनान येथील मुख्य ठाण्यावर पोहोचले आणि तेथून सीमाप्रदेशात आले. हत्यारे अपुरी, गुंगीचे औषध संपलेले, मलमपट्टीचे कापड धुऊन धुऊन पुन्हा वापरायचे, अशा स्थितीत ते शस्त्रक्रिया करीत होते. १९३९ च्या सुरुवातीला त्यांची आणि केथलीनबाईंची गाठ पडली.

दोघांचे मार्ग अगदी निराळे. बेथून पाद्र्याच्या घरात जन्मलेले, पण आता कट्टर कम्युनिस्ट, धर्माला न मानणारे. केथलीनबाई देवावर श्रद्धा ठेवून चर्चच्या आज्ञेत राहणाऱ्या. तरी बेथून यांनी त्यांच्यापुढे एक मागणे मांडले. तुम्ही ब्रिटिश पारपत्रावर प्रवास करता, तुम्हाला पेकिंगला जाता येते. तेथे औषधे विकत मिळतात. ती आमच्यासाठी आणाल का?

न्यूझीलंडची माणसे त्या काळी ब्रिटिश प्रजाजन म्हणून प्रवास करीत, आणि १९४१ च्या डिसेंबरपर्यंत ब्रिटन व जपान यांच्यात युद्ध नव्हते. म्हणून केथलीनबाईंना जपानी नाक्यावरून जाण्याची मुभा होती. चिनी माणसाला ती नव्हती.

हे मागणे ऐकून त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, आणि येथेच या सगळ्या कथेचे मर्म आहे. मिशनची माणसे तटस्थ असतात, कोणाच्याही भांडणात पडत नाहीत, या विश्वासावर तर त्यांचा दवाखाना चालू होता. एका बाजूच्या सैन्याच्या इस्पितळासाठी औषधे नेली की ती तटस्थता गेली. पकडले गेल्यास शिक्षा त्यांना एकट्यांना होणार नव्हती. त्यांचा दवाखाना, त्यांच्या हाताखालची चिनी माणसे आणि ज्यांची बाळंतपणे त्यांनी केली ती गावातली कुटुंबे, सगळीच संकटात आली असती.

दुसऱ्या बाजूला डोळ्यांसमोर जखमी माणसे होती. गुंगीचे औषध न देता पाय कापून घेणारा माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे परिचारिकेने विचारायचे का? केथलीनबाईंनी विचार केला आणि शेवटी होकार दिला. बेथून यांनी पुढे आपल्या पत्रात त्यांचे वर्णन देवदूत असे केले. धर्म न मानणाऱ्या माणसाच्या लेखणीतून तो शब्द यावा हे विशेषच.

पेकिंग ते सुंगज्याच्वांग

पेकिंगपासून त्यांच्या खेड्याचे अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. पेकिंगमध्ये औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि मलमपट्टीचे सामान विकत घ्यायचे, ते आगगाडीने दक्षिणेकडे आणायचे आणि पुढचा पल्ला खेचरांवरून वा खेचरगाडीने, धुळीच्या वाटांनी, डोंगरापर्यंत गाठायचा, असा हा उद्योग होता. कोणी हटकले तर मिशनच्या दवाखान्याचा माल आहे असे सांगायचे. दवाखाना खराच होता, त्यामुळे सांगणे पटण्यासारखे होते. पण एका खेड्याच्या दवाखान्याला लागते किती आणि बाई नेतात किती, हा हिशेब आज ना उद्या कोणाच्या तरी ध्यानात येणारच होता.

आपल्यापैकी ज्यांनी कधी वादळग्रस्तांसाठी सामान गोळा केले आहे त्यांना माहीत आहे की गोळा करणे हे काम सोपे असते. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यावर. बोटीवर चढलेला माल बंदरात उतरतो आणि तेथेच पडून राहतो. आपल्याकडे म्हणतात तसे हत्ती जातो आणि शेपूट अडकते. चीनमध्येही जगभरातून देणग्या येत होत्या. सुंग छिंगलिंग, म्हणजे चीनचे राष्ट्रनेते सन यत्सेन यांच्या पत्नी, यांनी १९३८ साली हाँगकाँगमध्ये चीन संरक्षण संघ स्थापन करून पैसा आणि औषधे जमविण्याचे काम हाती घेतले होते. पण हाँगकाँगची पेटी उत्तरेकडच्या डोंगरात पोहोचविणार कोण? तो शेवटचा पल्ला केथलीनबाईंसारखी माणसे स्वतः चालत होती.

त्या केवळ औषधेच नेत नव्हत्या. औषध असून ते देणारा हात नसेल तर उपयोग काय? पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज हे तेव्हाचे चीनमधले सर्वांत नावाजलेले वैद्यकीय विद्यालय. तेथल्या परिचारिकांना आणि इतर जाणत्या माणसांना त्यांनी डोंगरात येण्यास तयार केले आणि शहराबाहेर निघण्यास मदत केली. ग्वो छिंगलान त्यांच्याच सांगण्यावरून पेकिंग सोडून निघाली. सुरक्षित नोकरी सोडून, परत येता येईल की नाही हे ठाऊक नसताना, एक तरुण मुलगी एका परदेशी बाईच्या शब्दावर निघते, यावरून त्या बाईंच्या शब्दाला किती वजन असेल याची कल्पना येते.

किंमत

१९३९ च्या जून महिन्यात जपान्यांनी तिएनत्सिन शहरातल्या ब्रिटिश वसाहतीची नाकेबंदी केली. उत्तर चीनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध वातावरण तापले आणि ब्रिटिश पारपत्राचे कवच पातळ होऊ लागले. त्याच वर्षी जपानी सैन्याने सुंगज्याच्वांगचे मिशन जाळून टाकले. केथलीनबाईंना देशाबाहेर घालविण्यात आले.

ज्याची भीती होती तेच झाले. इतक्या वर्षांच्या कष्टाने उभा केलेला दवाखाना राख झाला. गावकऱ्यांचा आसरा गेला. सीमाप्रदेशाला औषध पोहोचविणारा हातही गेला.

काही महिन्यांतच, शस्त्रक्रिया करताना डॉ. बेथून यांच्या बोटाला जखम झाली. जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. इतरांच्या औषधांसाठी धडपडणाऱ्या माणसाला स्वतःच्या बोटाची जखम पुरी पडली.

केथलीनबाई घरी परतल्या का? नाही. त्या हाँगकाँगला उतरल्या, चिनी रेडक्रॉसच्या कामात शिरल्या आणि दक्षिणेकडून वळसा घालून पुन्हा उत्तरेला, आपल्या डोंगराकडे जाण्याची खटपट करू लागल्या. शेवटी बेरीबेरी या रोगाने त्यांना गाठले. अन्नात जीवनसत्त्व कमी पडले की हा रोग होतो आणि माणसाच्या अंगातले त्राण जाते. नाइलाजाने त्यांना न्यूझीलंडला परतावे लागले.

मुंबई बंदरातून निघालेली पाच माणसे

आता आपण आपल्या माणसांकडे वळू. चिनी सेनानी जू द यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर पाठविण्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी लोकांना आवाहन केले, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, म्हणजे वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' नावाच्या बोटीने ही मंडळी मुंबई बंदरातून निघाली. याच बंदरातून शंभर वर्षांपूर्वी आपले पूर्वज बोटीत चढले होते. ते पोटासाठी निघाले होते, हे परक्याच्या प्राणांसाठी निघाले. भारत स्वतः तेव्हा पारतंत्र्यात होता. ज्याच्या घरी स्वतःचे राज्य नाही त्याने दुसऱ्याच्या मदतीला धावावे, यात त्या पिढीचे मोठेपण दिसते.

कँटन, हांकौ, चुंगकिंग असा प्रवास करीत हे पथक १९३९ च्या प्रारंभी येनानला पोहोचले. चोळकर आणि मुखर्जी यांना लवकर परतावे लागले. कोटणीसांना चीनमध्येच वडील गेल्याची बातमी मिळाली, तरी ते परतले नाहीत. १९४० साली कोटणीस आणि बसू सीमाप्रदेशात दाखल झाले. केथलीनबाई तो डोंगर सोडून गेल्या होत्या आणि बेथून मातीआड झाले होते. पण त्यांनी लावलेले रोप तेथे होते. बेथून यांच्या नावाने इस्पितळ आणि वैद्यकीय शाळा चालू होती, आणि त्या शाळेत परिचारिकांना शिकवीत होती ग्वो छिंगलान.

त्या वर्षीच्या लढायांत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर बहात्तर तास न थांबता ते शस्त्रक्रिया करीत राहिले. १९४१ च्या जानेवारीत बेथून आंतरराष्ट्रीय शांती इस्पितळाचे ते संचालक झाले. चिनी भाषा ते उत्तम बोलू लागले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे ग्वो छिंगलानशी लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस.

नेपियरची परिचारिका, पेकिंगची परिचारिका आणि सोलापूरचे डॉक्टर यांचा धागा असा जुळतो. केथलीनबाईंनी पेकिंगहून ग्वो छिंगलानला आणले नसते, तर आपण जी कोटणीसांची कथा सांगतो ती अशी घडलीच नसती. ग्वो छिंगलान दीर्घायुषी झाल्या. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या, सासरच्या माणसांशी नाते त्यांनी शेवटपर्यंत राखले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. यिनहुआ मात्र वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच १९६७ साली गेला. आईच्या नशिबी पतीमागून पुत्राचेही दुःख आले.

न्यूझीलंडचे इतर हात

केथलीनबाई एकट्या नव्हत्या. जेम्स बर्ट्राम हे ऑकलंडचे तरुण पत्रकार चीन संरक्षण संघासाठी काम करीत होते. १९३९ साली औषधांनी भरलेल्या ट्रकांच्या तांड्याबरोबर ते फ्रेंच इंडोचायनाच्या, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूने चीनमध्ये शिरून उत्तरेकडे गेले. पुढे हाँगकाँग पडले तेव्हा ते जपान्यांचे युद्धकैदी झाले आणि १९४५ पर्यंत बंदीत राहिले.

कँटरबरी भागात जन्मलेले रेवी अॅली १९३८ पासून चीनमध्ये कामगारांच्या सहकारी संस्था उभारीत होते. निर्वासितांना नुसते अन्न देण्यापेक्षा हातात काम द्यावे, म्हणजे ते स्वतःच्या पायावर उभे राहतील, असा त्यांचा विचार. पुढे त्यांनी कान्सू प्रांतातल्या शानदान येथे मुलांसाठी शाळा चालविली. न्यूझीलंडमध्ये १९४४ साली 'कॉर्सो' नावाची संस्था निघाली होती. निरनिराळ्या मंडळांनी आणि चर्चनी एकत्र येऊन परदेशातल्या युद्धपीडितांसाठी कपडे, पैसा आणि माणसे पाठविण्यासाठी ती काढली होती. या कॉर्सोच्या मदतीने डॉ. बॉब स्पेन्सर आणि त्यांच्या पत्नी बार्बरा शानदानला गेले आणि त्यांनी तेथे इस्पितळ चालविले. घरोघरचे जुने कपडे गोळा करणाऱ्या संस्थेमागून डॉक्टरही जातो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तटस्थतेचा प्रश्न आणि कायदा

केथलीनबाईंनी केले ते योग्य होते का? काही वाचकांच्या मनात हा प्रश्न येईल आणि येणे बरोबरच आहे. त्यांनी खोटे कारण सांगून माल नेला, एका पक्षाच्या इस्पितळाला नेला आणि त्याची झळ गावाला लागली. तरी दोष कोणाचा धरायचा? औषध नेणाऱ्याचा, की आजाऱ्याचे औषध अडविणाऱ्याचा? त्यांच्यापुढे सरळ मार्ग खुला असता तर त्यांना आडवाट धरावी लागली नसती.

दुसरे महायुद्ध संपल्यावर जगातल्या राष्ट्रांनी हाच विचार केला. १९४९ साली जिनिव्हा येथे चार करार झाले. त्यांतला चौथा करार खास सामान्य नागरिकांसाठी आहे. त्याच्या तेविसाव्या कलमात असे म्हटले आहे की केवळ नागरिकांसाठी जाणारी औषधे आणि इस्पितळाचे सामान शत्रुपक्षाच्या लोकांकडे जात असले तरी वाटेत अडवू नये. तसेच पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांच्यासाठी जाणारे आवश्यक अन्न आणि कपडेही जाऊ द्यावेत. मात्र तो माल लढणाऱ्यांकडे वळणार नाही, अशी खात्री असली पाहिजे. ज्याचे राज्य त्या नाक्यावर आहे त्याला माल तपासण्याचा हक्क ठेवलेला आहे. म्हणजे मार्ग मोकळा, पण उघड.

कायदा झाला म्हणून नाके आपोआप उघडत नाहीत, हे मात्र पुढच्या काळाने दाखविले. सिरियात २०११ साली यादवी पेटली. सरकारच्या ताब्यात नसलेल्या भागात अन्न आणि औषधे जाईनात. तेव्हा जुलै २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २१६५ क्रमांकाचा ठराव केला. तुर्कस्तान, जॉर्डन आणि इराक यांच्या सीमेवरील चार नाक्यांतून, दमास्कसच्या सरकारची संमती नसली तरी, मदतीचे ट्रक पाठविण्याची परवानगी त्यात होती. ट्रक भरताना निरीक्षक माल तपासतील आणि सरकारला आधी सूचना दिली जाईल, अशी अट होती.

२०१५ आणि २०१६ ही दोन वर्षे न्यूझीलंड सुरक्षा समितीचा सभासद होता. त्या लहान देशाने कोणते काम अंगावर घेतले? जॉर्डन आणि स्पेन यांच्याबरोबर सिरियातील मदतीच्या ठरावाचा मसुदा करण्याचे. डिसेंबर २०१५ च्या २२५८ क्रमांकाच्या ठरावाने ती परवानगी आणखी वर्षभर पुढे चालू राहिली. मे २०१६ मध्ये इस्पितळे, डॉक्टर आणि परिचारिका यांच्यावरील हल्ल्यांविरुद्ध २२८६ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत झाला. तो मांडणाऱ्या पाच देशांतही न्यूझीलंड होता. पुढे मोठ्या राष्ट्रांच्या ओढाताणीत २०२० साली चार नाक्यांचा एकच नाका राहिला आणि जुलै २०२३ मध्ये त्या परवानगीची मुदतही संपली. त्यानंतर मदत जायची ती सिरियाच्या सरकारच्या संमतीने. एखादा नाका उघडा ठेवायला किती जणांना किती काळ जागे राहावे लागते, हे यावरून दिसते.

केथलीनबाईंना १९३९ साली एकटीने जे करावे लागले, तेच काम पाऊणशे वर्षांनी त्यांच्या देशाचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला टेबलाशी बसून उघडपणे करीत होते.

घरी परतल्यावर

केथलीनबाईंचे उरलेले आयुष्यही सेवेतच गेले. काही काळ त्यांनी हाँगकाँगमध्ये कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली. मग न्यूझीलंडमध्ये ते कुइटी आणि वायटोमो या भागांत माओरी लोकांमध्ये काम केले. शीतयुद्धाच्या दिवसांत चीनचे नाव घेणेही अनेकांना रुचत नव्हते, तेव्हा न्यूझीलंड आणि चीन यांच्यातील मैत्रीसाठी त्या गावोगाव बोलत फिरल्या. १९६० साली त्यांना पुन्हा चीन पाहता आला. ३ एप्रिल १९७० रोजी हॅमिल्टन येथे त्यांचे निधन झाले.

गरज सरो, वैद्य मरो अशी आपल्याकडे म्हण आहे. छुयांगच्या लोकांनी ती खोटी ठरविली. केथलीनबाईंच्या रक्षेचा काही भाग त्यांच्या त्या डोंगराकडे नेऊन ठेवण्यात आला. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९६ साली, छुयांगमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा उभा राहिला. न्यूझीलंड-चीन मैत्री संघाने त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यातून चीनच्या गरीब खेड्यांतील मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात आणि आपल्या भागात परत जाऊन काम करतात. दवाखाना जळाला, पण त्यातले काम असे पुढे चालू राहिले. कोटणीस आणि बेथून या दोघांच्या समाध्या श्रच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहेत.

आपल्यासाठी

वाचक बंधुभगिनींनो, आपण मॉरिशसची बेटावरची माणसे. कोठे युद्ध पेटले की आपल्याला वाटते, आपण इतके लांब, इतके थोडे, आपल्या हातून काय होणार? न्यूझीलंडही लांबच आहे, आणि केथलीनबाई तर एकट्याच होत्या.

आपल्या बैठकांतून आणि मंडळांतून जेव्हा एखाद्या देशातल्या पीडितांसाठी वर्गणीची पेटी फिरते, तेव्हा आपण नाणे टाकतो आणि मोकळे होतो. ते नाणे टाकावेच. पण त्याबरोबर दोन प्रश्नही विचारावेत. ही मदत शेवटच्या नाक्यापलीकडे कोण नेणार आहे? आणि ती पोहोचल्याचा हिशेब आपल्याला कोण देणार आहे? ज्या संस्थेकडे या दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरे असतील तिच्या हाती पैसे द्यावेत. आपल्या मुलींपैकी कोणी परिचारिका होऊ म्हणत असेल, आणि रेडक्रॉससारख्या संस्थेबरोबर परदेशी जाण्याची तिची इच्छा असेल, तर तिला अडवू नये. आपल्याला भीती वाटेल, आणि भीतीला कारणही आहे. सोलापूरच्या कोटणीसांच्या घरालाही ती वाटलीच असेल.

पुढच्या वेळी डॉ. कोटणीसांची गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा ती मुंबई बंदरापासून जरूर सुरू करा. फक्त मध्येच थोडे थांबून, औषधांचे सामान घेऊन धुळीच्या वाटेने डोंगराकडे निघालेल्या नेपियरच्या त्या बाईंचेही नाव सांगा.